यादीत नसलेले अळीव

भंडारदऱ्याच्या त्या खोलीत स्वयंपाकाला जागा होती ती दीड हाताची. काळ्या कडप्प्याचा एक तुकडा भिंतीत बसवलेला, त्यावर रॉकेलचा वातीचा स्टोव्ह, शेजारी मोरी, आणि वरच्या फळीवर मालकाने पाहुण्यांसाठी ठेवलेली भांडी. चार ताटल्या, दोन पातेली, एक तवा, एक चिमटा. परात नव्हती, काठवट नव्हती. सुट्टीला आलेल्या माणसांनी चहा उकळावा, फार तर खिचडी टाकावी, एवढंच त्या मालकाच्या डोक्यात असणार. आईने पहिल्याच दिवशी एक ताटली पालथी घातली आणि तिच्यावर बाजरीची भाकरी थापायला बसली. थापताना ताटलीच गरागरा फिरायला लागली. "भाकरी हाय तिथंच, ताटलीच फिरतीय," असं म्हणून ती हसली. त्या उन्हाळ्यात आई हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

खोली धरणाच्या वरच्या अंगाला होती. एका निवृत्त ओव्हरसियरने बांधलेल्या चार खोल्यांतली ती शेवटची. मे महिन्यात मुंबई-नाशिकचे लोक दोन-चार दिवस यायचे, बाजेवर पडून वारा खायचे आणि जायचे. आम्ही मात्र दोन महिने मुक्काम ठोकायला आलो होतो. आमची ताई, शकुंतला, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नगरला वसतिगृहात राहून डी.एड. करत होती. तिला सातवा महिना सरत आला होता आणि तिचं लग्न झालेलं नव्हतं. त्या मुलाचं नाव आमच्या घरात कोणी कधी घेतलं नाही, मीही इथे घेत नाही. नेवाशाकडच्या आमच्या गावात सांगितलं होतं की शकूला टायफॉइड होऊन गेलाय आणि डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय. एसटीत बसण्याआधी आईने मला जवळ ओढून बजावलं, "कुनी इचारलं तर ताईला टायफाईड झाला हुता आसं म्हनायचं." मी अकरा वर्षांची होते. 'झाला होता' आणि 'झाला होता असं म्हणायचं' यांतला फरक मला चांगला कळत होता. मला बरोबर नेलं ते दोन कामांसाठी. एक, लहान पोर बरोबर असली की बाईमाणसं सुट्टीला आल्यासारखी दिसतात. आणि दुसरं, खालच्या गावातल्या दुकानात जायला कोणीतरी हवं होतं. आईला घराबाहेर बोलायचं नव्हतं आणि ताईला दिसायचं नव्हतं.

आज मी सत्तरीकडे झुकले आहे, आणि अजून कुठेही मऊ भाताचा वास आला की मला ती खोली दिसते. आई त्या स्टोव्हवर नुसता स्वयंपाक करत नव्हती, ती आमचं खोटं शिजवत होती. टायफॉइडच्या माणसाने जे खायचं तेच आमच्याकडे रोज व्हायचं. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, भाजलेला पापड, ताकाची कढी. लसणाची फोडणी नाही, कांदा नाही. "वासाला मानूस येतं," आई म्हणायची. शेजारच्या खोलीतली पाहुणी बाई एकदा दारातून डोकावली. ताई पांघरूण छातीपर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करून पडलेली आणि ओट्यावर पांढरा भात. "अरेरे, किती दिवस झाले?" असं म्हणून ती बिचारी केळी ठेवून गेली. ताईला हिरव्या मिरचीच्या ठेच्याचे डोहाळे लागले होते. डोहाळे हा शब्द मी मनातल्या मनातसुद्धा उच्चारत नव्हते. घरून आणलेलं बाजरीचं पीठ दहाव्या दिवशी कडू पडलं. आम्ही बाजरी खाणारी माणसं, आणि अकोले तालुक्यातल्या त्या दुकानात मिळायचे तांदूळ आणि नागली, म्हणजे नाचणी. आईने दोन दिवस कडू भाकरी स्वतः खाल्ली, आम्हाला दिली नाही, आणि तिसऱ्या दिवशी उरलेलं पीठ मागे मातीत पुरून आली.

एका दुपारी तांदूळ निवडता निवडता ताई म्हणाली, "आई, एक मागू का?" मूल कोणाला द्यायचं ते ठरलेलंच होतं. संगमनेरकडच्या एक निवृत्त नर्सबाई बाळंतपणाला यायच्या होत्या, आणि त्यांच्याच ओळखीचं एक मूल नसलेलं जोडपं बाळ घेऊन जाणार होतं. ताईने त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं. ती म्हणाली, "सव्वा महिना माज्यापाशी राहू दे. मग खुशाल न्या. मी काय बी बोलनार न्हाई." बाळंतिणीचा सव्वा महिना आमच्याकडे मोडत नाहीत. आई बराच वेळ तांदळातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, "बरं. पन रडायचं न्हाई." ताईने विचारलं, "कोनी? मी का बाळानं?" "दोघांनी बी," आई म्हणाली. ताईला जे मिळायचं होतं ते तेवढंच होतं, आणि ती त्या दिवसापासून त्या चाळीस दिवसांवर जगायला लागली. तिने बाळासाठी माझ्या जुन्या परकराचे चार लंगोट शिवले.

बाळ तीन आठवडे आधीच आलं. सुदैवाने तो रविवार होता आणि वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, नेमके भाजीपाला घेऊन आले होते. ते जीपने राजूरला गेले आणि तिथे नात्यात उतरलेल्या नर्सबाईंना घेऊन आले. मी बाहेर पायरीवर बसून होते. दुपारी दोनच्या सुमाराला मुलगी झाली. आण्णांनी ती पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते गावाकडे गेले, कारण ते जास्त दिवस गावात दिसले नाहीत तर लोकांनी विचारलं असतं. डिंक, मेथ्या, अळीव, सगळं ते पुढच्या रविवारी लांबून कुठून तरी आणणार होते. नर्सबाई सोमवारी संध्याकाळी राजूरला परतल्या. राहिलो आम्ही चौघी.

तिसऱ्या दिवशी ताईला दूध पुरेना. मुलगी अंगावर ओढायची, सोडायची आणि बारीक आवाजात किरकिरायची. खायला तर तोच मऊ भात. बाळंतिणीला बाजरीची भाकरी हवी, लसूण हवा, ओव्याची धुरी हवी, आणि आमच्या खोलीत यातलं काहीच करायची सोय नव्हती, कारण धुरीचा वास चारही खोल्यांत गेला असता. शेवटी आईने मला दुकानात पाठवायचं ठरवलं. आईला लिहिता येत नव्हतं. तिने सांगितलं आणि ताईने पडल्या पडल्या लिहिलं. गूळ, सुकं खोबरं, ओवा, बाळंतशेपा. आईने विचारलं, "काय लिहिलंस?" ताईने वाचून दाखवलं. "बाळंत खोड," आई म्हणाली. "नुसत्या शेपा लिही. आन तू गं, आईचं पोट दुखतंय म्हन." मी निघताना ताई म्हणाली, "हिला तीट लावू का काजळाची?" आई म्हणाली, "काजळ कुठंय इथं? आन कोन बघनार हाय तिला दिष्ट लावायला?"

दुकानात मालक नव्हता, त्याची बायको होती. तिला सगळं गाव मामी म्हणायचं. मी कागद दिला. तिने गूळ दिला, खोबरं दिलं, ओवा दिला, आणि मग विचारलं, "शेपा कंच्या गं? बडीशेप का बाळंतशेपा?" मी खरं तर म्हणायला हवं होतं, माहीत नाही, आईला विचारून येते. पण मला माहीत होतं ना. आमच्या चुलतीच्या बाळंतपणात घरातले सगळे डबे मीच काढून द्यायचे. बडीशेप फुगीर, बाळंतशेपा चपट्या. आपल्याला येतं ते दाखवल्याशिवाय राहवत नाही अशी मी पोर होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे आण्णा मला रोज ऐकवायचे ते काही उगीच नव्हे. मी म्हणाले, "बाळंतशेपा. त्या चपट्या." आणि तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ निभावलं असतं. पण चुलतीला अळिवाच्या खिरीने दूध आलेलं मी पाहिलं होतं. म्हणून माझ्याच मनाने पुढे विचारलं, "हाळीव हायेत का?"

मामीचा हात बरणीवर थांबला. "कोन बाळंतीन झालं गं?"

"आईचं पोट दुखतंय," मी म्हणाले.

"व्हय का," ती म्हणाली. मग तिने कागदाच्या पुडीत दोन मुठी अळीव घातले, वर जायफळाचा तुकडा ठेवला आणि म्हणाली, "पोटाला लई चांगले आस्त्यात."

अळिवाची पुडी मी फ्रॉकच्या खिशात लपवली, कारण यादीत नसलेलं आणलं म्हणून आई ओरडली असती. तिसऱ्या प्रहरी आई कपडे धुवायला खालच्या नळावर गेली, तेव्हा मी स्टोव्ह पेटवला. दूध, गूळ, किसलेलं खोबरं, आणि भिजून बुळबुळीत झालेले अळीव. त्या दीड हाताच्या ओट्यावर मी स्वतः केलेला तो पहिला पदार्थ. ताईने वाटी हातात घेतली, आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आईला सांगू नको," मी म्हणाले. तिने वाटी बोटाने पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी उरलेल्या अळिवांची पुन्हा केली आणि रिकामा कागद स्टोव्हवर जाळला. त्या संध्याकाळी ताईला दूध आलं, चोळी भिजण्याइतकं, आणि मुलगी पोट भरून झोपली. आई म्हणाली, "शेपा लागू पडल्या." मला इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

पाचव्या दिवशी, दिवस कलताना, मामी दारात उभी. हातात ताट, ताटावर फडकं. आई तिला आत येऊ देईना, दार अडवून उभी राहिली. मी आईच्या मागे.

"पाचवी हाय न्हवं आज," मामी म्हणाली. "परक्या मुलखात कोन पुजनार, म्हनून आले."

"कुनाची पाचवी?" आई म्हणाली. "माज्या लेकीला टायफाईड झाला हुता."

"बाई, चार बाळंतपनं झाली माजी. मी कुनाला सांगनार न्हाई."

"तुमाला सांगितलं कोनी?"

मामीने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडचं पाणी पळालेलं तिला दिसलं असणार. "कोनी न्हाई," ती म्हणाली. "शेळ्या घिऊन मागनं जाते की मी. लेकराचा आवाज आला." तिने मला वाचवलं. आणि मग आईचा ताण हलका करायला म्हणून, चांगल्या मनानेच, तिने विचारलं, "बोलन्यावरनं तुमी नेवाशाकडच्या वाटता, व्हय ना? माजी धाकटी बहीन तिकडंच दिलीय. सनाला जात आस्ते मी." त्याच वेळी आत मुलगी रडली. मामीचा चेहरा फुलला. "आवाज कसा ठनठनीत हाय. तीट लावा गं बाई, उघडं कपाळ ठिवू ने." आईने दार लावून घेतलं. ताट उंबऱ्याबाहेरच राहिलं. त्यात वरणभात होता, नागलीची भाकरी होती, एक पणती आणि लहानसं लाल टोपडं. सकाळी त्या ताटाला मुंग्या लागल्या होत्या.

दार लावल्यावर आईने मला विचारलं, "दुकानात काय बोललीस?" "काही न्हाई. शेपा मागितल्या." "बाळंत म्हनलीस?" "न्हाई," मी म्हणाले. आईने माझ्यावर विश्वास ठेवला. मग ती बाजेकडे वळली. "तरी तुला सांगितलं हुतं," ती ताईला म्हणाली, "रडू द्यायचं न्हाई. सव्वा महिना पायजे हुता तुला, आन पाच दिस लेकरू गप ठिवता आलं न्हाई." ताईने माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हची वात नीट करत होते. वात नीटच होती. ताई एक शब्द बोलली नाही, आणि मीही बोलले नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईचं आवडतं वाक्य होतं, आणि ती मूठ आता नेवाशापर्यंत उघडणार असं तिच्या डोक्यात बसलं. मी तिला फार वर्षं दगड समजत होते. आता हिशेब केला तर आई तेव्हा अडतीस वर्षांची होती. माझी धाकटी सून आज तेवढी आहे आणि अजून कुकर किती शिट्ट्यांनी बंद करायचा ते मला फोन करून विचारते. शुक्रवारी सकाळी आई राजूरला गेली आणि नर्सबाईंना निरोप देऊन आली. शनिवारी दुपारी जीप आली. ताईला बाजेवरून उठायचं नाही असं आईने बजावलं होतं. बाळ उचलून दारापर्यंत मीच नेलं. ते लाल टोपडं मी मुंग्या झटकून आदल्या दिवशी धुऊन ठेवलं होतं, तेवढं तिच्या डोक्यावर होतं. ती घेणारी बाई इतकी रडत होती की तिच्या नवऱ्याने बाळ धरलं. मुलगी झोपेत होती. तिचं कपाळ उघडं होतं. बारसं व्हायचं होतं म्हणून तिला नावही नव्हतं. सात दिवसांची होती.

आईने त्या संध्याकाळी ओटा राखेने घासला, मालकाच्या चार ताटल्या आणि दोन पातेली फळीवर होती तशी लावली, आणि ताईची छाती जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधली. आलेलं दूध तिला आठ दिवस ताप देत राहिलं. गावात सगळे म्हणाले, टायफॉइडने पोर वाळली. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण आमच्याकडे ते फुटलं नाही. मामी सणाला बहिणीकडे येत-जात असणारच, पण तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही. म्हणजे ते चाळीस दिवस पुरते मिळू शकले असते. ताईने डी.एड. पुरं केलं, तिचं लग्न झालं, मुलगा झाला, ती शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. आई शेवटच्या आजारात भ्रमात बडबडायची, त्यात एकदा म्हणाली, "शके, लेकरू गप कर." ताई उशाशी होती. मीही होते. तेव्हाही मी बोलले नाही.

गेल्या मे महिन्यात ताईच्या मुलाने आम्हा दोघींना भंडारदऱ्याला नेलं. काजवे बघायला आता तिथे जत्रेसारखी गर्दी होते, तंबू लागतात. त्याने आमच्यासाठी वेगळी खोली घेतली होती. "मावशी, छोटं किचन आहे बघ त्यात. आईला पथ्य आहे ना, तुमचं तुम्हाला करता येईल." त्याला काहीही माहीत नाही. मला वाटलं ताई नाही म्हणेल, पण ती पिशवी भरून तयार होती. खोली ती नव्हती, पण ओटा साधारण तेवढाच. वर इंडक्शनची शेगडी, दोन ताटल्या, दोन पातेली. ताईच्या पोटाला आता तिखट चालत नाही. मुलगा-सून नातवंडांना घेऊन धरणावर गेली आणि मी मऊ भात टाकला. ताई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. पातेल्यात डाव फिरवता फिरवता, तिच्याकडे पाठ करूनच, मी म्हणाले, "ताई, त्या दुकानात मी नुसत्या शेपा नव्हत्या मागितल्या."

"हाळीव बी मागितले हुतेस," ताई म्हणाली. माझ्याशी बोलताना ती अजून घरचंच बोलते.

मी वळले. "तुला ठाऊक होतं?"

"यादी कोनी लिहिली हुती? तीत हाळीव नव्हते. आन खीर तर मीच खाल्ली."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "तू सांगशील म्हनून थांबले," ती म्हणाली. "त्या दिवशी थांबले. जीप आली तवा थांबले. आई गेली तवा वाटलं, आता तरी सांगंल. तू मागितलेस त्याचं मला काय बी वाटलं न्हाई सुमे. तुज्यामुळं तर दूध आलं तिला. पन तू गप बसलीस." मग म्हणाली, "भात बघ. खाली लागतोय."

भात लागलाच होता. वरचा वरचा काढून मी दोन ताटल्यांत वाढला, वर तूप घातलं. मला रडू येत होतं, पण ज्याचं रडं त्याने रडावं, मी कोण रडणार, असं वाटून मी खाली मान घालून बसले. आम्ही चार घास खाल्ले. मग ताईने विचारलं, "नेताना तिला तीट लावली हुती का गं? मला बाजेवरनं दिसलं न्हाई."

"लावली होती," मी म्हणाले. "कपाळावर. मीच लावली."

त्या खोलीत काजळ नव्हतं, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ताटलीतला भात बोटांनी कालवला.

"बरं केलंस," ती म्हणाली.